नक्षीची फरशी: भाजलेली की भिजवलेली?

सदाशिव पेठेतला एखादा वाडा किंवा प्रभात रोडवरचा १९३०-४० च्या सुमाराचा बंगला पाडायला निघाला, की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "ही फरशी पणजोबांनी इंग्लंडहून मागवली होती." शेजारचे म्हणतात, छे, इटलीची. ठेकेदार म्हणतो, चिनी मातीची आहे, हातोडा हळू मारा. बहुतेक वेळा तिघंही चुकलेले असतात. पायाखालची ती लाल-पिवळी-काळी नक्षी सिमेंटची असते आणि इथलीच असते, बोटीने आलेली नसते. खरी चिनी मातीची, म्हणजे सिरॅमिकची नक्षीदार टाइलही त्याच घरात असू शकते. ती शोधायची तर मात्र मान वर करावी लागते. देवघराची भिंत, न्हाणीघर, जिन्याच्या पायरीची उभी बाजू, व्हरांड्यातल्या बाकाची पाठ, अशा जागी ती सापडते.

फरक थोडक्यात सांगायचा तर एक भाजलेली, दुसरी भिजवलेली. सिरॅमिक टाइल भट्टीत भाजून कडक होते. सिमेंटची टाइल दाबयंत्राखाली दाबतात आणि पाण्यात भिजवून कडक करतात, तिला आग माहीतच नसते. दिसायला दोन्ही चौकोनी, रंगीत, फुलापानांच्या. पण पुसायची कशाने, फुटली तर काय करायचं, उचलून दुसऱ्या घरात बसवता येईल का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका फरकावर ठरतात. आपल्याकडची म्हणून जिचं कौतुक करायचं ती फरशी कुठली, हेही त्यावरूनच कळतं.

आधी भाजलेलीचं पाहू.

मातीत पाणी दोन प्रकारे असतं. एक कणांच्या मधलं, ते उन्हात वाळवलं की जातं. दुसरं मातीच्या स्फटिकातच बांधलेलं असतं, ते साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला निघून जातं. ते एकदा गेलं की त्या मातीचा परत चिखल होत नाही. कुंभाराची पणती पावसात विरघळत नाही ती यामुळे. उष्णता आणखी वाढवून हजार-अकराशे अंशांपर्यंत नेली की मातीत मिसळलेलं फेल्डस्पार नावाचं खनिज वितळायला लागतं आणि कणांना कणांशी चिकटवतं. जितकं जास्त वितळेल तितकी टाइल घट्ट आणि तितकं कमी पाणी पिणारी. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. आज फ्लॅटमध्ये बसवतात ती व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पीत नाही. व्हिट्रिफाइड म्हणजे जवळजवळ काच झालेली.

चमक आणि रंग येतात ते वरच्या झिलईमुळे. झिलई म्हणजे अक्षरशः काच, टाइलीच्या अंगावर वितळवून पसरवलेला काचेचा पातळ थर. काचेचा मूळ घटक वाळूतली सिलिका. ती एकटी वितळवायला १७०० अंश लागतात, तोवर खालची टाइल राहायची नाही. म्हणून तिच्यात शिसं, सोडा किंवा टाकणखार असं काहीतरी घालून वितळबिंदू खाली आणतात. रंग धातूंचे: कोबाल्टचा गडद निळा, मँगनीजचा जांभळा, लोखंडाचा मधासारखा पिवळा ते तपकिरी. तांब्याची गंमत वेगळी. शिशाच्या झिलईत तांबं गवती हिरवं दिसतं आणि सोड्याच्या झिलईत तेच तांबं मोरपंखी निळं होतं. जुन्या टाइलीचा हिरवा-निळा पाहून आत कुठली झिलई असेल याचा अंदाज बांधणारे जाणकार आहेत ते याच्याच जोरावर.

काच करणं या भागाला अगदीच परकं नव्हतं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. म्हणजे भट्टी पेटवून वाळू वितळवण्याची विद्या पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आली होती. तरी पुणे टाइलींचं शहर झालं नाही. का?

मुख्य कारण जमिनीत आहे. आपला सगळा दख्खन काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. त्याची झीज होऊन काळी माती होते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. अशा मातीचा सपाट, पातळ चौकोन वाळेपर्यंत पापडासारखा वाकडा होतो किंवा तडकतो. गोल भांडं त्यातल्या त्यात तग धरतं. कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातल्या कारागिरांनी गाळाची माती निवडून, तिच्यात राख आणि लीद मिसळून मडकी, पणत्या, कुंड्या केल्या, पण त्यांचा आवा साधारण ७०० ते ९०० अंशांतला. टाइलीची पांढरी माती हवी तर ती सिंधुदुर्गात, काचेची वाळूही तिकडेच. पुण्यात दगड मात्र मुबलक. मग वाड्यांच्या जमिनी शेणाने सारवलेल्या, चुन्याच्या कोब्याच्या किंवा घडीव दगडाच्या राहिल्या यात नवल नाही. रेल्वे आल्यावर शहाबादी फरशीने उरलेली जागा घेतली, ती आजपर्यंत सोडलेली नाही.

महाराष्ट्रात झिलईच्या टाइली नव्हत्याच असं मात्र नाही. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महाल आहे. त्याला हे नाव भिंतींवरच्या निळ्या-पिवळ्या चकाकत्या फरश्यांमुळे पडलं. आज त्यांचे तुकडेच उरलेत. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने अबुल हसन कुतुबशहाला कैद करून ठेवलं ते इथेच. शेजारच्या चांदमिनारावरही एकेकाळी इराणी पद्धतीच्या निळ्या टाइली होत्या. बिदरला महमूद गावानाच्या १४७२ मधल्या मदरशावर त्या अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. ही इराणमधून बहमनी दरबारात आलेली कारागिरी होती. दरबार होता तोवर ती होती. गावोगावच्या कुंभारापर्यंत ती झिरपली नाही, म्हणून पेशवाईतल्या पुण्याला तिचा वारसा मिळाला नाही.

यानंतरची टाइल आली ती थेट इंग्रजांबरोबर. तिचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. ओल्या मातीची टाइल वाकते, कारण वाळताना तिच्यातलं भरपूर पाणी जातं. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर यांनी युक्ती काढली ती अशी: माती जवळजवळ कोरडी करून तिची भुकटी करायची आणि ती पोलादी साच्यात प्रचंड दाबाने दाबायची. पाणीच थोडं, त्यामुळे आक्रसणं थोडं, आणि टाइल सरळ राहते. ही युक्ती मुळात बटणं करण्यासाठी होती. हर्बर्ट मिंटन यांनी ती टाइलीला लावली आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या त्यांच्या कारखान्यातून जगभर माल जायला लागला. आज गुजरातमधल्या मोरबीत जी टाइल निघते तीही याच पद्धतीने, भुकटी दाबून.

मिंटनची नाव काढण्यासारखी टाइल म्हणजे एन्कॉस्टिक. तिच्यात नक्षी रंगवलेली नसते. एका रंगाच्या मातीत खाच करून तीत दुसऱ्या रंगाची माती भरतात आणि दोन्ही एकत्र भाजतात. नक्षी काही मिलिमीटर खोल असते. वरून चपला घासल्या तरी खालची नक्षी वर येत राहते, संपत नाही. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटनच्या फरश्या आहेत, एकदा जाऊन पायाखाली नीट बघा. अशी फरशी गव्हर्नरांची, गिरिजाघरांची, फार तर संस्थानिकांची. पेठेतल्या वकिलाच्या किंवा भिक्षुकाच्या घरात ती असण्याची शक्यता मला तरी फार वाटत नाही. घरचे कितीही छातीठोकपणे सांगोत.

याच काळात मुंबईत आपल्या हातांनी झिलईची भांडी करायचा एक प्रयत्न झाला. जे. जे. कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात मातीकामाचा विभाग चालवला. झिलईचं तंत्र सिंधमधल्या कुंभारांच्या परंपरेतून घेतलं आणि नक्षी अजिंठ्याच्या चित्रांवरून. सुरया, तबकं परदेशातल्या प्रदर्शनांत गाजली. पण तो कलावस्तूंचा मामला होता. घराला पुरेल इतका माल आणि परवडेल असा भाव त्यातून निघणार नव्हता.

मग देवघराच्या भिंतीवरच्या त्या उठावदार, चकचकीत टाइली आल्या कुठून? काही इंग्लंड-बेल्जियममधून, आणि पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या प्रमाणावर जपानमधून. युद्धात युरोपचा माल थांबला, तेवढ्यात जपानी कारखान्यांनी तशीच मेजोलिका टाइल स्वस्तात करायला घेतली. साधारण सहा इंच चौरस, नक्षीच्या कडा उठवलेल्या. त्या कडांच्या आत वेगवेगळ्या रंगांची झिलई भरायची, कडा बांधासारखी मधे असल्याने रंग एकमेकांत मिसळत नाहीत. हिंदुस्थान ही त्यांची मोठी बाजारपेठ. इथल्या गिऱ्हाइकाला काय हवं हे जपान्यांनी फार बारकाईने हेरलं आणि गुलाब-द्राक्षांच्या जोडीला लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण यांच्या टाइली काढल्या.

आता यातला पुणे जिल्ह्याचा धागा बघा. हे देव जपानी कारागिराने पाहिले कुठे? राजा रविवर्म्याच्या वळणाच्या छापील चित्रांत. रविवर्म्याचा छापखाना आधी मुंबईत होता, १८९९ मध्ये तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला. घाटमाथ्यावर दगडी शिळेवरून छापलेली लक्ष्मी समुद्रापार गेली, तिथे साच्यात उतरली, भट्टीत भाजली आणि बोटीने परत येऊन आपल्या देवघरात बसली. "देशी" कशाला म्हणायचं हा प्रश्न अशा टाइलीपुढे अवघड होतो. चित्र इथलं, माती तिथली. मी तिला निदान अर्धी तरी आपली मानतो.

तरी अर्धीवर समाधान मानायचे ते दिवस नव्हते. पुण्यात १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी झाली होती. पुढच्या पिढीला फरशीही स्वदेशी हवी झाली. चिनी मातीची भट्टी घालणं भांडवलाचं काम, पण सिमेंटला भट्टी लागत नाही. म्हणजे सिमेंट करायला लागते, फरशीला नाही. १९१४ मध्ये पोरबंदरला देशी सिमेंट निघायला लागलं होतं. सिमेंटची रंगीत फरशी ही तशी १९व्या शतकाच्या मध्यात दक्षिण फ्रान्समध्ये निघालेली चीज, तिथून स्पेन, उत्तर आफ्रिका, लॅटिन अमेरिका असा तिचा प्रवास झाला. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी पुतण्या रुस्तम यांच्यासह भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी काढली आणि कारखाना उरणला घातला. परदेशी टाइलीच्या तोडीची टाइल इथे करायची हा हेतू नावातच होता. पुण्यातल्या डेक्कन जिमखाना, प्रभात रोड, कॅम्प भागातल्या बंगल्यांचा काळ आणि या फरशीच्या भरभराटीचा काळ एकच. म्हणून तुमच्या पणजोबांची फरशी बोटीऐवजी उरणच्या बाजूने किंवा अशाच एखाद्या कारखान्यातून आली असण्याची शक्यता अधिक.

ती होते कशी ते सांगतो, कारण यात कौशल्य सगळं हातात आहे.

लोखंडी चौकट. तिच्या तळाला गुळगुळीत पत्रा, त्यावर तेलाचा हात. त्यावर पितळी पट्ट्यांची जाळी ठेवतात. जाळी म्हणजेच नक्षीची रेघ, प्रत्येक नक्षीची जाळी वेगळी. कारागीर पळीने एकेका खणात रंग ओततो. हा रंग म्हणजे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग यांचं सरबरीत मिश्रण. लाल, पिवळा, काळा हे लोखंडाच्या ऑक्साइडचे, हिरवा क्रोमियमचा. सगळे खण भरले की जाळी सरळ वर उचलायची. हात जरा तिरका गेला की पाकळी देठात मिसळली. जाळी निघाल्यावर रंग एकमेकांना टेकतात, पण घट्टपणामुळे वाहत नाहीत. आता त्यावर सिमेंट-वाळूची कोरडी भुकटी भुरभुरायची, ती रंगातलं जास्तीचं पाणी ओढून घेते. मग जाड वाळू-सिमेंटचा पाठीचा थर. नंतर दाब. दाबल्यावर चौकट उघडून उलटी करायची. मुदाळ्यातून भाताची मूद निघावी तशी फरशी बाहेर येते आणि तळाशी असलेली नक्षी वर दिसते. म्हणजे भरेपर्यंत कारागिराला नक्षीची फक्त पाठ दिसत असते.

त्यानंतर दिवसभर विसावा, पाण्यात बुडवणं आणि काही आठवडे ओलावा धरून ठेवणं. सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतं. ओलावा लवकर गेला तर ती क्रिया अर्धवट राहते आणि फरशी ठिसूळ निघते. गवंडी नव्या स्लॅबवर पाण्याची तळी करून ठेवतात त्याचं कारणही हेच. तमिळनाडूत चेट्टिनाडमधली आथंगुडीची फरशी याच घराण्यातली. तिथे लोखंडी पत्र्याऐवजी काच वापरतात आणि दाबयंत्रही नसतं, काचेचा गुळगुळीतपणाच फरशीवर उतरतो.

ही फरशी जड असते. आठ इंच चौरस आणि पाऊण-एक इंच जाड अशी एक फरशी पावणेदोन-दोन किलो भरते. दहा बाय दहाच्या खोलीला अशा सव्वादोनशे लागतात, म्हणजे एका खोलीला चारशे किलोच्या आसपास माल. इतकं वजन लांबून आणणं परवडत नाही. नंतरच्या काळात, स्वातंत्र्यानंतर, मोझॅक म्हणजे संगमरवराच्या चिपा घातलेली सिमेंटची फरशी आली तेव्हा तिचे छोटे कारखाने शहरोशहरी निघाले त्यामागे हेच साधं गणित. सिरॅमिक टाइल पातळ आणि हलकी, म्हणून ती जपानहून येऊ शकली आणि आता मोरबीहून येते. सिमेंटची जिथल्या तिथे घडली. स्थानिकपणा हा इथे निव्वळ भावनेचा विषय नाही, वजनाचाही आहे.

आता ओळखायची कशी. पाण्याचा थेंब टाका. झिलईच्या टाइलीवर तो तसाच बसून राहतो, सिमेंटच्या न पॉलिश केलेल्या फरशीत मुरतो आणि डाग गडद होतो. कुठे कोपरा उडालेला असेल तर कडेने बघा. सिमेंटच्या फरशीत रंगाचा तीन ते पाच मिलिमीटरचा थर आणि खाली करडं सिमेंट दिसतं. झिलईच्या टाइलीत रंग नखाएवढाही जाड नसतो आणि खाली पांढरट किंवा विटकरी माती असते. एन्कॉस्टिकमध्ये रंग खोल असतो, पण खालीही मातीच, वाळू नाही. रंगांवरूनही पुष्कळ कळतं. सिमेंट अल्कधर्मी असल्याने त्यात बरेच निळे रंग टिकत नाहीत, म्हणून या फरशीचं जग विटकरी, गेरू, राखाडी, काळं, मळकट हिरवं असं असतं. झळझळीत निळा किंवा मोरपंखी दिसला तर ती बहुधा भट्टीतली. सुटी टाइल हातात असेल तर उलटून बघा. भट्टीतल्या टाइलीच्या पाठीवर खाचा आणि बऱ्याचदा कारखान्याचं किंवा देशाचं नाव उठवलेलं असतं. लिंबाचा रस टाकून फेस येतो का बघा असं काहीजण सांगतात. सिमेंटवर फेस येतो हे खरं, पण तो फेस म्हणजे तुमची फरशी विरघळते आहे. कपाटामागच्या कोपऱ्यात, तेही एकदाच.

जागेवरूनही अंदाज येतो, आणि त्याला शास्त्रीय कारण आहे. चपलेला लागून येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झ असतं, ते जुन्या मऊ झिलईपेक्षा कठीण. जमिनीवर लावलेली मेजोलिका काही वर्षांत ओरखड्यांनी आंधळी झाली असती. म्हणून ती भिंतीला. सिमेंटची फरशी मात्र वापराने गुळगुळीत होत जाते, साठ-सत्तर वर्षांची वर्दळ तिला मानवते.

मोझॅकबद्दल फार लिहीत नाही. संगमरवराच्या चिपा सिमेंटात घालून दाबायच्या, बसवल्यावर मशीनने घासून पॉलिश करायच्या. पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर पुणं जसं बाहेर पसरत गेलं तशी ही ठिपक्याठिपक्यांची फरशी सोसायट्यांत घरोघरी पोचली. टिकाऊ, स्वस्त, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी. नक्षी गेली ती तिच्या काळात. ओट्यावरचा डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीचा टाइलींचा पट्टा, आणि न्हाणीघराच्या भिंती मात्र झिलईच्या झाल्या. एच. अँड आर. जॉन्सन १९५८ मध्ये हिंदुस्थानात आली आणि पांढरी चौकोनी टाइल म्हणजे जॉन्सन असंच लोक म्हणायला लागले. फुटक्या टाइलींनाही पुणेकरांनी वाया घालवलं नाही. गच्चीवर ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर तुकडे बसवायचे, ते चायना मोझॅक. ऊन परावर्तित होतं, पाणी वाहून जातं. पहिल्या नजरेला गोधडी वाटली तरी काम चोख.

आज देशातल्या सिरॅमिक टाइलीचा मोठा वाटा गुजरातमधल्या मोरबीत होतो. नक्षी आता इंकजेटने छापतात, कागदावर छापावी तशी, आणि वर पारदर्शक झिलई. या तंत्राचा सगळ्यात जिवंत आविष्कार पुण्यात कुठे दिसत असेल तर इमारतींच्या जिन्यांच्या कोपऱ्यांत. गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का, ओळीने. कुणी थुंकू नये म्हणून. एरवी पाटी लावून माणसाला सरळ करणाऱ्या शहरात पाटीला जे जमलं नाही ते या टाइलीवर सोपवलेलं आहे. जपान्यांनी लक्ष्मी भाजली होती ती देवघरासाठी. हा उपयोग त्यांच्या डोक्यात आला नसेल.

तुमच्या घरात नक्षीची फरशी अजून असेल तर दोन-चार गोष्टी कामाच्या आहेत. सिमेंटच्या फरशीला आम्ल लावायचं नाही. संडास साफ करायचं लाल-निळं द्रावण, बाजारात "फरशी ॲसिड" म्हणून मिळतं ते, व्हिनेगर, लिंबू, काहीही नाही. या सगळ्यांत सिमेंट विरघळतं. पहिल्यांदा फरशी छान उजळल्यासारखी वाटते, कारण वरचा मळका थर सिमेंटासकट गेलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला ती खरखरीत होते आणि मग मळ आणखी धरते. साधा सौम्य साबण, पाणी, मऊ फडकं. मशीनने घासून पॉलिश करणारा म्हणेल, नवी करून देतो. त्याला आधी विचारा किती घासणार. रंगाचा थर तीन ते पाच मिलिमीटरचाच आहे, एका जोरदार घासणीत त्यातला बराच जाऊ शकतो. फरशीवर पांढरी भुकटी येत असेल तर दोष फरशीचा नाही, खालून ओल येते आहे आणि पाण्याबरोबर क्षार वर येताहेत. पाण्याचा मार्ग शोधा, भुकटी कोरड्या ब्रशने झाडा.

झिलईच्या जुन्या टाइलीवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतं. खालची सच्छिद्र माती वर्षानुवर्षं ओलावा पिऊन किंचित फुगते, वरची काच फुगत नाही, ती ताणून तडकते. हा वयाचा भाग आहे, टाइल पडणार असं त्यातून समजायचं कारण नाही. पण त्या भेगांतून हळदीचं, तेलाचं पाणी आत गेलं तर निघत नाही, तेव्हा ओट्यामागच्या जुन्या टाइली लगेच पुसाव्यात. मेजोलिकाच्या झिलईत शिसं असण्याची शक्यता असते. भिंतीवर त्याने काही बिघडत नाही. मात्र ती टाइल ताटासारखी वापरू नये आणि घासून तिची धूळ उडवू नये.

वाडा किंवा बंगला पाडायचाच असेल तर फरशी वाचते का, हे खाली काय आहे त्यावर ठरतं. चुन्यावर बसवलेली फरशी सहसा अख्खी निघते, चुना तिला सोडतो. सिमेंटच्या मालावर बसवलेली बहुतेक वेळा फुटते. म्हणून पाडकामाचा ठेका देण्याआधी दाराजवळच्या फुटक्या फरशीपासून एक-दोन काढून बघाव्यात. चुना निघाला तर फरशीचा वेगळा करार करा आणि फरशी काढणारा माणूस वेगळा लावा. पाडणाऱ्या टोळीला घाई असते आणि त्यांच्या हिशोबात तो राडारोडा असतो. काढण्याआधी खोलीचा वरून फोटो घ्या. बऱ्याच नक्षी चार फरश्या जुळवल्यावर पुऱ्या होतात, शिवाय काठाच्या फरश्या वेगळ्या आणि कोपऱ्याच्या चार आणखी वेगळ्या. फोटो नसेल तर नव्या जागी मधलं भरून होतं आणि काठ जुळत नाही. पाठीवर खडूने आकडे घाला, उभ्या रचा, एकावर एक आडव्या नको. चिकटलेला चुना पाण्यात भिजवून पटाशीने काढा.

दुसऱ्यांच्या घरातून निघालेल्या सुट्या फरश्या जुन्या बाजारात किंवा जुने दरवाजे-खांब विकणाऱ्यांकडे कधीमधी मिळतात. घेताना जाडी मोजून घ्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मालात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो आणि बसवणारा नंतर तुमच्याच नावाने खडे फोडतो. नवीन हव्या असतील तर सिमेंटची हाताने केलेली फरशी अजून होते, जुन्या नक्षींतही होते. फक्त जुन्याच्या शेजारी नवी लावली की रंग जुळणार नाही, कारण जुनीवर कित्येक वर्षांचे पाय फिरलेले आहेत. बैठकीच्या मधोमध एखादीच फुटली असेल तर जुने गवंडी करायचे ते करा: कपाटाखालची किंवा पलंगाखालची धड फरशी काढून मधे बसवा आणि नवी त्या कपाटाखाली ढकला.